नाशिकरोडहून व्हीलचेअरवर रेल्वेप्रवास: दाखला, कार्ड आणि डब्यापर्यंतची मदत

रेल्वेचं दिव्यांग सवलतीचं कार्ड हातात आलं की स्टेशनवरची मदतही आपोआप मिळते, अशा समजुतीने बरेच जण नाशिकरोडला पोचतात आणि फलाटावर अडकतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कार्डामुळे भाडं कमी होतं आणि दिव्यांग कोट्यातली जागा मागता येते. गाडीत चढायला मदत हवी असेल, तर ती दर प्रवासाला वेगळी सांगावी लागते. मी स्वतः व्हीलचेअर वापरते, म्हणून दोन्ही सविस्तर लिहिते.

आधी पात्रता. अस्थिव्यंग किंवा पक्षाघातामुळे ज्यांना सोबत्याशिवाय प्रवास करताच येत नाही, त्यांना ही सवलत आहे. बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध आणि मूकबधिर व्यक्तींसाठीचे दाखल्याचे नमुने वेगळे. नुसती टक्केवारी इथे पुरत नाही. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रावर, ८० टक्के लिहिलेलं असलं, तरी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला सवलत दाखला लागतो आणि ‘सोबत्याशिवाय प्रवास अशक्य’ ही अट डॉक्टरांनी त्यावर प्रमाणित करावी लागते. पाय मोडल्यामुळे महिनाभर व्हीलचेअरवर असलेल्यांना किंवा वयामुळे थकलेल्यांना ही भाडेसवलत नाही. स्टेशनवरची व्हीलचेअर मात्र त्यांनाही मिळते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे दिव्यांगांचीही गेली असं अनेकांना वाटतं. ती चालू आहे.

दाखला सरकारी रुग्णालयातून घ्यायचा. नाशिककरांसाठी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. नमुना छापून सोबत न्या. दाखला हातात पडला की तिथेच एक गोष्ट तपासा: डॉक्टरांची सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आला आहे का? शिक्का पुसट नको, खाडाखोड तर नकोच. माझा अर्ज एकदा याच कारणाने परत आला होता आणि पुन्हा रुग्णालयाची खेप घालावी लागली. व्हीलचेअरवर अशी एक खेप म्हणजे पूर्ण दिवस जातो. कायमचं अपंगत्व असेल तर २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीचा दाखला ५ वर्षं चालतो, २६ ते ३५ वयोगटात १० वर्षं, आणि पस्तिशीनंतर आयुष्यभर.

मग कार्ड. रेल्वेच्या दिव्यांगजन ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. नाशिकरोड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं. सवलत दाखला, अपंगत्व प्रमाणपत्र, फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. दाखला खरा आहे का हे रेल्वे रुग्णालयाकडून पडताळून घेते आणि त्यात वेळ जातो, म्हणून लग्नाची किंवा ऑपरेशनची तारीख तोंडावर आल्यावर अर्ज करू नका. कार्डाचा क्रमांक आला की घरबसल्या ऑनलाइन सवलतीचं तिकीट काढता येतं. प्रवासात मूळ कार्ड जवळ हवं.

स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. सोबत्यालाही तेवढीच. मुंबईला अप-डाउन करणाऱ्यांना मासिक पासावर ५० टक्के. सवलत फक्त मूळ भाड्यावर असते, आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार पूर्ण भरावा लागतो. तत्काळ तिकिटाला सवलत नाही. आरक्षण करताना दिव्यांग कोटा निवडायला विसरू नका, कारण खालचा बर्थ तिथूनच मिळण्याची शक्यता जास्त.

आता खरा कस लागतो तो फलाटावर. आदल्या दिवशी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करून पीएनआर, डबा आणि व्हीलचेअर हवी असल्याचं सांगा. तरीही गाडीच्या तासभर आधी पोचा. शहरापासून नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर आणि वाटेत द्वारका चौकाची कोंडी. पोचल्यावर थेट स्टेशन मास्तरांकडे जा, दारावर ‘उप स्टेशन प्रबंधक’ अशी पाटी असते. स्टेशनची व्हीलचेअर फुकट मिळते, हमाल घेतला तर त्याची ठरलेली हमाली द्यायची. फलाट आणि डबा कुठे लागणार हे तिथेच विचारून घ्या. गाडी काही मिनिटंच थांबते, त्या वेळात फलाटभर पळापळ करता येत नाही.

आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. साध्या डब्याच्या आतल्या बोळात व्हीलचेअर फिरत नाही. म्हणजे खुर्ची दाराशी सोडून दोघांनी उचलून बर्थपर्यंत न्यावं लागतं. आपल्याला कसं उचलायचं, कुठे हात लावायचा नाही, हे गाडी यायच्या आधी हमालांना शांतपणे सांगा. मी काखेत धरू देत नाही, खांदा दुखावतो. हे सांगताना संकोच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतुकीची सुगम्यता हा हक्क आहे. गार्डच्या डब्याला जोडून दिव्यांगांचा डबा असतो, त्याची दारं रुंद असतात. तो गाडीच्या टोकाला असल्यामुळे आधीच त्या बाजूला जाऊन थांबा.

उतरण्याच्या स्टेशनवरची मदत गाडीत बसल्या बसल्या मागा. टीसीला सांगा आणि १३९ वरही नोंदवा. नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. उतरताना कुणी आलं नाही, तर तोच क्रमांक सांगून पुन्हा फोन करायचा.