सेंटर मिडल स्कूल की बेस स्कूल? फेअरफॅक्समध्ये घर बघताना होणारा घोळ

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काऊंटीत मूल पाचवी-सहावीत गेलं की आपल्या मराठी घरांमध्ये हा विषय निघतोच, सातवीला सेंटरला टाकायचं की बेस स्कूललाच राहू द्यायचं. परवा एका मैत्रिणीचा फोन आला, म्हणाली कार्सन मिडल स्कूलच्या बाउंड्रीत घर बघतोय, म्हणजे मुलाला एएपी (अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅकॅडमिक प्रोग्राम, निवडलेल्या हुशार मुलांसाठीचा) मिळेल ना. नाही गं, तसं नसतं, आणि हा गैरसमज घराच्या किमतीत मोजावा लागतो म्हणून नीट लिहायचं ठरवलं.

बेस स्कूल म्हणजे तुमच्या पत्त्यावरून ठरलेली शाळा, त्यात मुलाच्या मार्कांचा काही संबंध नाही. सेंटर म्हणजे जिथे एएपी लेव्हल फोरचे, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वरच्या पातळीचे, पूर्ण वेळ वर्ग भरतात अशी शाळा, जसं कार्सन, लाँगफेलो, किल्मर, रॉकी रन. पण हीच शाळा तिच्या आजूबाजूच्या घरांची बेस स्कूलपण असते! म्हणजे एकाच इमारतीत लांबून बसने आलेली एएपीची मुलं आणि शेजारच्या गल्लीतली बाकीची मुलं, दोन्ही. त्यामुळे तिथे घर घेतलं म्हणून एएपी मिळत नाही, आणि लेव्हल फोर मिळालेलं असेल तर तिथे घर घ्यायची गरज नाही, काऊंटीने तुमच्या पत्त्याला जे सेंटर जोडलंय तिथे जाता येतं. बहुतेक मुलांची निवड दुसरीत होते, क्षमता चाचण्यांचे स्कोअर, शिक्षकांचं मत, मुलाचं काम असं सगळं कमिटी बघते, आणि एकदा मिळालं की ते आठवीपर्यंत चालतं.

आता खरा गोंधळ पुढे आहे. एएपी आणि ऑनर्स.

आपल्या डोक्यात शाळेतली अ तुकडी आणि ब तुकडी इतकी पक्की बसलेली असते की एएपी म्हणजे अ आणि उरलेलं सगळं ब असं आपण धरूनच चालतो. पण इथे मिडल स्कूलमध्ये ऑनर्स, म्हणजे त्याच विषयाचा जरा वरच्या पातळीचा वर्ग, सगळ्यांना खुलं आहे, इंग्लिश, सायन्स, सोशल स्टडीज, मॅथ चारही विषयांना, त्यासाठी कमिटी वगैरे काही नाही, कोर्स सिलेक्शनला तुम्ही निवडायचं. सातवीत अल्जेब्रा मिळणार का हेसुद्धा एएपीच्या शिक्क्यावर नाही, गणिताच्या स्वतःच्या निकषांवर ठरतं. मिडल स्कूलमध्ये घेतलेला अल्जेब्रा हायस्कूलचं क्रेडिट देतो आणि तो ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर जातो, नको असेल तर पालक लेखी विनंती करून काढून घेऊ शकतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि नववीपासून एएपी हा प्रकारच संपतो, हायस्कूलला ऑनर्स, नाहीतर एपी किंवा आयबी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स), जे कोणीही घेऊ शकतं. म्हणजे हा सगळा जीव आपण दोन वर्षांसाठी काढतोय, कारण इथली मिडल स्कूल बहुतेक सातवी-आठवीच आहेत (ग्लासगो, होम्स आणि पो मात्र सहावीपासून). शेजारच्या लाउडन काऊंटीमधल्या नातेवाइकांशी तुलना करू नका, तिकडे मिडल सहावीपासूनच सुरू होतं.

मग सेंटरचे रेटिंग एवढे भारी का दिसतात? अहो, निवडून आणलेली मुलं तिथे बाहेरून येतात, आकडा वर जाणारच! त्या आकड्यात शाळेने किती शिकवलं आणि मुलं आधीच किती पुढे होती हे वेगळं काढता येत नाही. एसओएलच्या (व्हर्जिनियाच्या राज्य परीक्षांच्या) आकड्यांचंही तेच. आठवीत अल्जेब्रा घेणारं मूल आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाही, अल्जेब्राची देतं, मग दोन शाळांचा नुसता 'आठवी गणित' पास रेट शेजारी ठेवून काय कळणार. मी तर सांगेन शाळेला थेट विचारा, आठवीतली किती मुलं अल्जेब्रा किंवा जिऑमेट्रीला आहेत, ऑनर्सच्या किती तुकड्या भरतात. याचं उत्तर रेटिंगपेक्षा दहापट उपयोगी.

टीजेचं (थॉमस जेफरसन, निवडून प्रवेश देणारं सायन्स-टेक्नॉलॉजीचं पब्लिक हायस्कूल) गणितही आता बदललंय आणि जुनी माहिती अजून फिरत असते. २०२० पर्यंत प्रवेश परीक्षा होती आणि बहुतेक जागा मोजक्या मिडल स्कूलमधून भरायच्या, म्हणून सेंटरचं एवढं वेड. त्या ऑक्टोबरात स्कूल बोर्डाने परीक्षा आणि शंभर डॉलर फी काढली, आणि डिसेंबरात प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलच्या आठवीच्या संख्येच्या १.५ टक्के जागा त्या शाळेसाठी ठेवल्या. पालकांचा एक गट कोर्टात गेला, २०२३ च्या मे महिन्यात अपील कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला. म्हणजे आज बेस स्कूलमधल्या अभ्यासू मुलालाही त्याच्या शाळेच्या जागा आहेत, आणि मोठ्या सेंटरमध्ये तशाच हुशार मुलांची गर्दी त्या दीड टक्क्यासाठी. फक्त टीजेसाठी सेंटर निवडत असाल तर हा हिशोब आधी करा.

सेंटर वाईट असं अजिबात म्हणत नाहीये मी. माझी मोठी सेंटरला गेली आणि तिला आवडलं, वर्गात सगळेच हात वर करतात त्यामुळे मला एकटीला विचित्र वाटत नाही म्हणायची, आणि ही गोष्ट लहान नाही. पण शाळा साडेसातला, बस लांबची, जानेवारीत सहा चाळीसला मिट्ट काळोखात कोपऱ्यावर उभी, मी खिडकीतून तिच्या बॅगची चमकणारी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत बघत बसायचे. धाकट्याची बेस स्कूल चालत बारा मिनिटं, चारही विषयांना ऑनर्स घेतलं, दुपारी मित्रांबरोबर घरी येतो, आणि नववीला तेच मित्र बरोबर असणार. मोठीचं तसं झालं नाही, सेंटरची मुलं आठवीनंतर आपापल्या पत्त्याच्या हायस्कूलला पांगतात. पहिल्या दिवशी लंचला ओळखीचे तीनच चेहरे होते, घरी येऊन डबा तसाच ओट्यावर ठेवला तिने, उघडलापण नव्हता.