नागरी सहभागाचे शिक्षण (मुंबई)

नागरी सहभागाचे शिक्षण : सहावी ते आठवीच्या, म्हणजे उच्च प्राथमिक वर्गांतील मुलांना आपल्या परिसराच्या कारभारात लक्ष घालायला, प्रश्न विचारायला आणि अर्ज करायला शिकवण्याचा शालेय उपक्रम. मताचा हक्क 18 व्या वर्षी मिळतो. तोवर नागरिक म्हणून काय करता येते, हा यातला मुख्य मुद्दा.

राज्य मंडळाच्या 2016 ते 2018 या काळात आलेल्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधान आणि आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम आहे. गल्लीतून दिल्लीकडे नेणारा हा क्रम योग्यच आहे. मात्र नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला जोडून येते आणि बहुधा उरलेल्या तासांत उरकले जाते.

मुंबईत पहिला धडा हद्दीचा. गटार, फुटपाथ आणि कचरा महापालिकेचा. बेस्टची बस हा महापालिकेचाच उपक्रम. चौकातला वाहतूक पोलीस राज्याच्या गृहखात्याचा. लोकल केंद्राच्या रेल्वेची. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग तर 2022 मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पालिकेकडे आले. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मोठ्यांनाही गप्प करते. म्हणून काही शिक्षक मुलांकडून शाळेच्या आसपासचा नकाशा काढून घेतात आणि कोणती जागा कोणाची, ते रंगाने दाखवायला सांगतात. एकाच नाल्याला दोन रंग लागले की चर्चा आपोआप सुरू होते.

पुढची पायरी अर्जाची. मराठीच्या पेपरात ‘परिसरातील अस्वच्छतेबाबत आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येतो. खाली ‘अ. ब. क.’ अशी सही करून मुले गुण मिळवतात. ते पत्र टपालात मात्र कधी पडत नाही. सहभागाच्या शिक्षणात हेच पत्र खरे होते. दादर, माहीम, धारावीसाठी जी उत्तर, कुर्ल्यासाठी एल, असे आपले विभाग कार्यालय शोधायचे, सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज लिहायचा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा आणि पोच जपून ठेवायची. 1916 या क्रमांकावर तक्रार केली, तर तक्रार क्रमांक टिपून ठेवायचा. तक्रारीतल्या गटारावर झाकण बसले की नाही, यापेक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारले की नाही, हे तपासणे शिक्षकाचे खरे काम. पाठपुरावा हा शब्द मुलांना तिथेच कळतो.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हा सर्वांत लोकप्रिय उपक्रम. ती थाटात होते, पण निवडून आलेल्यांच्या हाती पुढे फारसे काही राहत नाही. शहराचे चित्रही अगदी वेगळे नाही. सभागृहात 227 नगरसेवक निवडून येतात, तरी 1888 च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे ठेवले आहेत. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. त्या काळात सहावी ते आठवी शिकलेल्या मुलांनी पदावरचा नगरसेवक पुस्तकातच पाहिला.

1997 पासून पालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापन योजनेतून रहिवाशांचे गट जोडले. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे काम त्यांतून पुढे आले. अशा गटाच्या बैठकीला वर्ग नेणे ही सोपी, बिनखर्ची क्षेत्रभेट आहे.

पक्षांची नावे वर्गात घ्यावीत की नाही, यावर शिक्षक बिचकतात आणि पालकांच्या भीतीने बहुतेक जण टाळतात. मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, बाई निवडणुकीच्या ड्यूटीवर असतात आणि मतदान केंद्र भरते ते पुष्कळदा मुलांच्याच वर्गात, बाके भिंतीला सरकवून.