वास गेला, काजळी राहिली

"आता वास येत नाहीये ना? मग उद्यापासून भरवा शाळा." पिंपरी-चिंचवडच्या चिखली-मोशी पट्ट्यात भंगाराच्या एखाद्या गोदामाला आग लागली की दोन-तीन दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य येतंच. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या शाळेच्या ग्रुपवरही आलं. तोवर आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर बारीक काळे ठिपके पडले होते. साधी धूळ झटकली की जाते. हे ठिपके बोटाने पुसायला गेलो तर तेलकट रेघच उमटली.

वासावर भरवसा ठेवू नये, याची कारणं दोन. एक म्हणजे नाक लवकर सरावतं. तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. दुसरं म्हणजे नाकाला झोंबणारे वायू वाऱ्याबरोबर निघून जातात. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराईड निघतो, टायरमधल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड. हे पांगतात. मागे राहते ती काजळी आणि तिला चिकटलेली बेंझोपायरीनसारखी डांबरट रसायनं. ती बाकावर, खिडकीच्या कट्ट्यावर, फळ्याच्या चौकटीवर बसून असते आणि तिला फारसा वासही नसतो.

ती खाली बसते कशी, हा माझा आवडता विषय. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ मध्ये याचं सूत्र मांडलं. पडणाऱ्या कणाला वजन खाली ओढतं आणि हवा अडवते. कणाचा व्यास दहापट कमी केला तर वजन हजारपट कमी होतं, पण हवेचा अडथळा दहापटच कमी होतो. म्हणून पडण्याचा वेग शंभरपट घटतो. आता वर्गाची उंची ३ मीटर धरा आणि हवा अगदी निश्चल. १० मायक्रॉनचा कण (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो) छतापासून फरशीवर यायला १७ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. ०.३ मायक्रॉनला आठेक दिवस. खरं तर सूत्राप्रमाणे त्याला याहूनही जास्त वेळ लागायला हवा. पण इतका बारीक कण हवेच्या रेणूंमधल्या मोकळ्या जागेतून निसटतो, हवा त्याला पुरती अडवू शकत नाही, म्हणून सूत्राला एक दुरुस्ती जोडावी लागते. वरच्या आकड्यात ती धरलीय, तिचा तपशील इथे सोडून देतो.

धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. म्हणजे आग विझल्यावर बंद वर्गात ते दिवसेंदिवस तरंगतात, एकमेकांना आणि साध्या धुळीला चिकटतात आणि मग बसतात. एकदा बसलेला सुटा बारीक कण सहसा पुन्हा उडत नाही, त्याची पकड घट्ट असते. पण धुळीच्या मोठ्या कणावर स्वार झालेली काजळी मात्र केरसुणीच्या एका फटक्यात उठते. म्हणून आगीनंतर वर्ग कोरडा झाडणं हा सगळ्यात वाईट उपाय. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही तसाच: पुढून ओढतो, बारीक कण मागून सोडतो. ओलं फडकं हवं, साबणाचं पाणी हवं आणि ते पाणी सारखं बदलायला हवं. हे काम करणाऱ्या मावशींना एन-९५ मास्क आणि हातमोजे द्या, ही गोष्ट सगळे विसरतात.

"पण एक्यूआय हिरवा दाखवतोय," असं एक बाबा म्हणाले. एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हिरवा म्हणजे हवा चांगली. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने पुण्यात 'सफर'ची हवामापक केंद्रं उभी केली, ती उपयोगाचीच आहेत. पण एक्यूआय बाहेरच्या हवेचा, आणि त्यातली धूलिकणांची पातळी २४ तासांच्या सरासरीवर ठरते. बाकावर काय साचलंय ते त्यात येत नाही, हायड्रोजन क्लोराईडही येत नाही. शिवाय सकाळची शाळा ७ वाजता भरते. हिवाळ्यात पुण्यात त्या वेळी जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवेचं झाकण असतं. धुमसत्या ढिगाऱ्याचा धूर त्या झाकणाखाली पसरून राहतो, ऊन चढल्यावर हटतो. तेव्हा ढिगारा धुमसतोय तोवर परिपाठ मैदानावर नको, आणि खिडक्या उघडायच्या त्या १० नंतर.

कुणीतरी वर्गात धूप-कापूर लावून 'हवा शुद्ध' करायची सूचना केली. जळणारा कापूर भरपूर काजळी सोडतो. पूर्वी काजळ त्याच्यावरही धरत असत, आजीला विचारा. मनी प्लांटचीही शिफारस आली. खोलीची हवा उघड्या खिडकीइतकी स्वच्छ करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा हिशोब संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलाय. मग मुलं बसणार कुठे?

मुलांसाठी एवढी काळजी का, तर वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि बाकावरचा हात पाच मिनिटांत तोंडात जातो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल तर टाकी रिकामी करून धुवायची. पोषण आहाराची उघडी पोती वापरायची नाहीत. मैदानात जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे उडून आले असतील तर हात लावायचा नाही, झाडायचे तर मुळीच नाहीत: त्यात ॲसबेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू, असू शकतं.

भाचीच्या शाळेत रविवारी आम्ही चार-पाच पालक गेलो. फरशी चकचकीत होती, बाक पुसलेले होते. मी टेबलावर चढून पंख्याच्या पात्याच्या वरच्या बाजूवरून ओला पांढरा कापूस फिरवला. तो काळाकुट्ट झाला. त्या वर्गात चार पंखे होते. सोमवारी सकाळी कुणी बटण दाबलं असतं तर ते सगळं पुसलेल्या बाकांवर आणि खाली बसलेल्या पोरांच्या डोक्यावर आलं असतं. मग शाळेभरचे पंखे पुसले, मगच कपाटांची डोकी, मग बाक पुन्हा, शेवटी फरशी. पहिल्या बादलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं, पाचवीतलं चहासारखं. मुख्याध्यापिका बाईंनी सुट्टी आणखी एक दिवस वाढवली.