उकडीचा पाव आणि शिबुयाचा टोस्ट

जानेवारीत इंदूरला पहाटे अशी थंडी असते की ओट्याच्या दगडाला हात लावायला नको वाटतं. अशाच एका शनिवारी रात्री मुलीने जाहीर केलं, "उद्या पोहे-जलेबी नाही. उद्या शिबुया टोस्ट." आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्म्यावरून पाहिलं. "टोस्टच ना? त्याला आदल्या रात्रीपासून तयारी कशाला?"

प्रश्न रास्त होता. शिबुया हा टोकियोतला गजबजलेला भाग, आणि त्याच्या नावाने जगभर ओळखला जाणारा हा पदार्थ जपानात मात्र 'हनी टोस्ट' म्हणून मागतात, लाडाने 'हानितो'. कराओकेच्या दुकानांत मंडळी गाता गाता हाणतात. पावाची कापं करायची नाहीत. विटेसारखा चौकोनी ठोकळा घ्यायचा, आतला गर कोरून त्याचे चौकोनी तुकडे करायचे, सगळ्याला लोणी लावून भाजायचं आणि तुकडे परत त्या पावाच्या डब्यात भरायचे. वर मध, आइस्क्रीम आणि घरात असेल ते फळ. तैवानमध्ये याचा एक भाऊ आहे, त्याला विटेवरूनच 'ब्रिक टोस्ट' म्हणतात.

जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच घरचे, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले. शब्द दोन्हीकडे रुजला, पण पदार्थ वेगळा झाला. जपान्यांचा 'शोकुपान' म्हणजे दुधातला, कापसासारखा मऊ, झाकणाच्या साच्यात भाजून चौकोनी केलेला पाव. त्या मऊपणाची एक युक्ती आदल्या रात्री करायची असते. तिचं नाव 'युदाने'. थोड्या मैद्यावर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि गोळा रात्रभर झाकून ठेवायचा.

आई लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर उकड!"

आणि खरंच, उकडच. मोदकांसाठी तांदळाच्या पिठीची काढतो तीच. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून थंड पाण्यात भिजवून त्याची पारी वळत नाही, तडकते. गरम पाण्यात काय होतं? पिठातल्या स्टार्चचे कण थंड पाण्यात दगडासारखे बसून असतात, जेमतेम ओले होतात. तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की त्यांची आतली घट्ट रचना सुटते, कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. पिठाची चकचकीत खळ होते. गव्हाच्या स्टार्चचंही तेच. एकदा असं बांधलेलं पाणी पाव भाजतानाही सहजी सुटत नाही, म्हणून पाव आतून ओलसर राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो. मालव्यातला बाफला, म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकळून मग भाजतात. नुसत्याच भाजलेल्या बाटीपेक्षा तो आतून मऊ का, याचंही उत्तर बरंचसं इथेच आहे.

मग सगळ्याच मैद्याची उकड का काढू नये? कारण पाव फुगायला ग्लुटेन लागतं, ते लवचीक प्रथिनांचं जाळं, ज्यात यीस्टचे बुडबुडे अडकतात. उकळत्या पाण्याने ती प्रथिनं शिजून निकामी होतात. म्हणून पाचवा हिस्साच घ्यायचा. आमच्या ३०० ग्रॅम मैद्यातला ६० ग्रॅम मैदा आणि तितकंच उकळतं पाणी.

पहिली उकड फसली. गोळा चकचकीत व्हायच्या ऐवजी पांढुरका, पिठूळ राहिला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे जरा लागलंच. कागद घेऊन हिशेब मांडला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे आमचं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. स्वयंपाकघरात १५ अंश. तेवढ्याच वजनाच्या थंड मैद्यात ते ओतलं तर मिश्रण साधारण ७३ अंशांवर यावं, काम भागायला पुरेसं. पण मी उकड काढली होती जाड स्टीलच्या भांड्यात, तीनशे ग्रॅम वजनाच्या आणि ओट्यावर गार पडलेल्या. ते भांडंही उष्णता ओढून घेणार. ते धरलं तर आकडा घसरून ५६ वर येतो. म्हणजे स्टार्च फुगायच्या उंबरठ्याच्या अलीकडेच गाडी थांबली. मोदकांना हा घोळ होत नाही, कारण तिथे पातेलं गॅसवरच असतं. दुसऱ्या खेपेला भांडं आधी उकळत्या पाण्याने विसळून घेतलं आणि उकड चिकट, चकचकीत, हवी तशी आली. आईंनी बोटाने दाबून पसंतीची मान हलवली.

सकाळी उकडीचे तुकडे बाकीच्या मैद्यात, दूध, यीस्ट, थोडी साखर, मीठ आणि लोणी. मळणं लांबलचक, थंडीत फुगायला उशीर. त्यावर जास्त लिहीत नाही. दुपारी पाव ओव्हनमधून निघाला, पूर्ण गार झाल्यावरच कापला. गरम पाव कापला की आत गिच्च गोळा होतो, कारण स्टार्च अजून सावरलेला नसतो.

एवढं करायचं नसेल तर बेकरीतून न कापलेला पाव आणा, कालचा असेल तर उत्तमच. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. शिळा पाव कडक होतो तो वाळल्यामुळे, असं आपण धरून चालतो. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं की पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतोच. सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा ओळीत येऊन घट्ट बसू लागतात आणि हे काम फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात वेगाने चालतं. पाव परत ६० अंशांच्या वर तापवला की त्या बऱ्याच सुटतात. फोडणीची पोळी मऊ होते ती याच दुसऱ्या तापवण्याने.

आता भाजणं. आमच्या पावाचा ठोकळा दहा सेंटिमीटरचा. दोन-दोन सेंटिमीटरच्या भिंती, तळ आणि वरचं झाकण वगळून मधला सहा सेंटिमीटरचा घन काढला आणि त्याचे दोन सेंटिमीटरचे २७ तुकडे केले. अख्ख्या घनाचा पृष्ठभाग २१६ चौरस सेंटिमीटर होता, तुकड्यांचा मिळून ६४८ झाला. गर तेवढाच, भाजायला जागा तिप्पट. आणि या पदार्थाची सगळी चव पृष्ठभागावरच तयार होते.

ती चव म्हणजे काय, यासाठी शास्त्राने 'माइयार प्रक्रिया' असं फ्रेंच नाव घेतलंय, पण मराठीत नेमका शब्द आधीपासून आहे: खमंग. भाजणीचं थालीपीठ, भाजलेला रवा, कढईतलं बेसन, सगळ्यांत एकच रसायन. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि काही प्रकारच्या साखरा तापल्यावर एकमेकांना धरतात आणि त्यातून शेकडो सुगंधी रेणू आणि तपकिरी रंग तयार होतो. लुई कामीय माइयार या फ्रेंच डॉक्टरने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं. त्याचं लक्ष स्वयंपाकावर नव्हतं, प्रथिनं कशी जुळतात यावर होतं. प्रक्रियेचे टप्पे अमेरिकेच्या जॉन हॉजने १९५३ मध्ये नीट मांडले.

ही प्रक्रिया जोर धरते १४० अंशांच्या पुढे. ओला पाव मात्र पाणी असेतो १०० च्या वर हलत नाही. म्हणून टोस्ट पहिली काही मिनिटं नुसता पांढरा दिसतो आणि मग बघता बघता लाल होतो. पृष्ठभाग वाळला की तापमान एकदम उडी घेतं. ओव्हन १८० अंशांवर ठेवून दहा-बारा मिनिटं, पण शेवटची तीन मिनिटं समोरून हलू नका. सोनेरी झाला की काढा. काळपट करण्यात चवही नाही आणि शहाणपणही नाही, कारण फार भाजलेल्या पिठाळ पदार्थांत अॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन वाढतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी समोर आणलं.

लोणी की तूप, यावर घरात वाद झाला. बाजारच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि सोळा टक्क्यांपर्यंत पाणी. ते पाणी उडेपर्यंत भाजणं अडतं. तुपात पाणी नाही, पाव पटकन कुरकुरीत होतो. पण रंग आणि वास आणणारी दुधाची प्रथिनं आणि दुधातली साखर तूप गाळताना मागे राहतात. मुलगी लोण्याच्या बाजूने, मी तुपाच्या. आईंनी काही न बोलता शिंक्याजवळच्या वाटीतली बेरी आणली. लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाला उरते ती तपकिरी बेरी, लहानपणी साखर घालून खाल्लेली. ती म्हणजे आयती भाजलेली दुधाची प्रथिनं. चमचाभर बेरी तुपात कालवून ब्रशने लावली. जपानात असं कोणी करत असेल असं वाटत नाही. त्यांचंच नुकसान आहे.

मधाचा घोटाळा पुतण्याने केला. "काकू, मध आधीच लावला तर आत मुरेल ना?" म्हणत त्याने चार तुकड्यांना भाजायच्या आधीच मध चोपडला. बाकीचे तुकडे सोनेरी होईपर्यंत ते चार कोळसा झाले. साधी साखर, सुक्रोज, अमिनो आम्लांशी थेट जुळत नाही. आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. मधमाशी हे काम आपल्या विकराने आधीच उरकून ठेवते. मधात जवळजवळ सगळी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्ही जुळायला एका पायावर तयार. त्यात फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच कॅरमल व्हायला लागतं, सुक्रोजला १६० च्या पुढे जावं लागतं. तेव्हा मध शेवटी, टोस्ट बाहेर काढल्यावर. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोट चाटवायची जुनी रीत मोडा. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ती रुजू शकतात.

गरम पावावर थंड आइस्क्रीम ठेवलं तर ते लगेच पाणी का होत नाही? आमच्याकडे इंदूरच्या सराफा बाजारात रात्री गरम जलेबीवर गार रबडी घेऊन उभे असतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. पाव म्हणजे मुख्यतः हवा, गोधडीसारखी अडकलेली, त्यामुळे आतली ऊब बाहेर यायला वेळ लागतो. आइस्क्रीममध्येही हवा फेटलेली असते. शिवाय एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, तापायची गोष्ट पुढची. हाताशी आठ-दहा मिनिटं असतात. आम्ही अर्ध्या पावावर आइस्क्रीम घेतलं, अर्ध्यावर रबडी. रबडीने भिंत पाच मिनिटांत ढासळवली.

कारण कुरकुरीतपणा म्हणजे पाण्याचा अभाव. वाळलेला पृष्ठभाग काचेसारखा ताठ असतो. जरा पाणी मिळालं की ती काच मऊ पडते. चिवडा सादळतो तसा टोस्टही सादळतो, आणि बाहेरून नाही तर आतूनच: मधल्या ओल्या गरातलं पाणी हळूहळू कवचाकडे सरकतं. त्यात टोस्ट थेट ताटलीत ठेवला तर तळाखालची वाफ कोंडते, गार ताटलीवर तिचं पाणी होतं आणि तळ भिजतो. आमचा पहिला डबा असाच खालून फाटला आणि मध टेबलक्लॉथवर गेला. दुसऱ्या खेपेला आईंनी मोदकपात्रातली चाळणी पुढे सरकवली. पाच मिनिटं टोस्ट त्यावर ठेवला, वाफ खालून निघून गेली, मग ताटलीत घेतला. तळ शेवटपर्यंत टिकला, आणि तो कोणी खायचा यावरून पुतण्या आणि आजी यांच्यात जे झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं.