चोराबारी ताल (गांधी सरोवर)

उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यातील एक हिमोढबद्ध सरोवर. केदारनाथ मंदिराच्या वर सुमारे २ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९०० मी. उंचीवर ते होते. १७ जून २०१३ रोजी ते फुटून रिकामे झाले.

हिमनदी आपल्याबरोबर आणलेले दगडगोटे व माती काठाशी टाकत जाते. या ढिगाऱ्याला हिमोढ म्हणतात. चोराबारी हिमनदीच्या उजव्या अंगाला असा उंच बांध तयार झाला आणि बांध व डोंगर यांच्यामधल्या खळग्यात पाणी साठले. हे पाणी थेट हिमनदीचे नव्हते. भोवतालच्या उतारांवरचा वितळलेला बर्फ आणि पाऊस यांवर तळे भरत असे. लांबी सुमारे ४०० मी., रुंदी २०० मी. आणि खोली १५ ते २० मी. इतक्या पाण्याला वरून सांडवा मात्र नव्हता. बांधाच्या तळातून झिरपेल तेवढेच बाहेर पडे. पुढचा अनर्थ समजून घेताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

हिमनदीचे आणि तळ्याचे नाव एकच, चोराबारी. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये येथे विसर्जित करण्यात आला, तेव्हापासून ‘गांधी सरोवर’ हे नाव रूढ झाले. यात्रेकरूंच्या तोंडी हेच नाव अधिक असते. भूवैज्ञानिक चोराबारीच लिहितात.

जून २०१३ मध्ये वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या हिमनदीजवळील तळावर २४ तासांत ३२५ मिमी. पाऊस मोजला गेला. साचलेला बर्फही त्याने झपाट्याने वितळला. १६ तारखेच्या संध्याकाळी केदारनाथात पहिला लोंढा शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमारास हिमोढाचा बांध खचला आणि ५ ते १० मिनिटांत सारे तळे मंदाकिनीच्या खोऱ्यात उतरले. या आपत्तीला सरसकट ‘ढगफुटी’ म्हणतात, ते अपुरे आहे: केदारनाथ पाण्याइतकेच त्याने आणलेल्या शिळा, वाळू आणि चिखलाखाली गाडले गेले. मंदिरामागे अडकलेल्या ज्या मोठ्या शिळेने प्रवाह दुभंगला, तिला भाविक आता भीमशिला म्हणतात. खालच्या रामबाडा या मुक्कामाच्या वस्तीचा तर मागमूसही उरला नाही. खोऱ्यात हजारो माणसे दगावली.

बांधाला पडलेले खिंडार कायम आहे. त्यामुळे पूर्वीसारखे पाणी येथे साठत नाही, तरी केदारनाथहून वर जाणारे लोक या खळग्याला आजही गांधी सरोवरच म्हणतात.