युटा राज्याची ओळख : सहलीला निघण्यापूर्वी

आमच्याबरोबर अमेरिकेतील युटा राज्यात येणाऱ्या प्रवाशांसाठी हे माहितीपत्रक आहे. झायन, ब्राइस कॅनियन, आर्चेस, कॅनियनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ या पाचही राष्ट्रीय उद्यानांची माहिती कार्यक्रमपत्रिकेत स्वतंत्रपणे दिली असल्याने येथे भर आहे तो राज्याच्या चिन्हांवर, कारण ती पदोपदी दिसतात आणि त्यांच्यामागचा इतिहास ठाऊक नसेल तर केवळ शोभेची वाटतात.

युटाचे क्षेत्रफळ सुमारे २,२०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. वस्ती मात्र विरळ असून ती बहुतांशी वासाच पर्वताच्या पायथ्याच्या पट्ट्यात एकवटली आहे. राजधानी सॉल्ट लेक सिटीही तेथेच आहे. जवळच्या विस्तीर्ण सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी केवळ वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात, म्हणून ते खारट आहे.

धर्मावरून झालेल्या छळाला कंटाळून ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेले मॉर्मन पंथीय २४ जुलै १८४७ रोजी या खोऱ्यात पोहोचले. हा दिवस राज्यात आजही सुटीचा असतो. कोरड्या जमिनीत पाट काढून शेती करायची तर सर्वांनी मिळून राबणे भाग होते, आणि म्हणूनच मधमाश्यांचे पोळे हे त्यांचे चिन्ह ठरले. राज्याचे ब्रीदही एकाच शब्दाचे आहे : ‘उद्यम’. मार्च २०२४ पासून वापरात असलेल्या नव्या ध्वजावर मधोमध हेच पोळे आहे. बसच्या खिडकीतून राज्य महामार्गांच्या पाट्या पाहाव्यात. रस्त्याचा क्रमांक पोळ्याच्या आकृतीतच लिहिलेला आढळेल.

समुद्रापासून इतक्या दूरच्या राज्याचा पक्षी सीगल, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील कुरवाचा भाऊबंद, असावा याचे नवल वाटेल. १८४८ मध्ये उभ्या पिकावर नाकतोड्यांसारख्या कीटकांची धाड पडली असता सरोवरावरील या पक्ष्यांनी ते फस्त केले, असे सांगितले जाते. चमत्काराचा भाग किती, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. परंतु सॉल्ट लेक सिटीतील टेम्पल स्क्वेअरमध्ये या पक्ष्यांचे स्मारक आहे. गंमत म्हणजे या जातीचे नाव ‘कॅलिफोर्निया गल’ असे आहे! राज्यपुष्प सेगो लिली हे तीन पांढऱ्या पाकळ्यांचे नाजूक फूल आहे. मूलनिवासी त्याचे कंद खात असत आणि टंचाईच्या दिवसांत वसाहतकऱ्यांनीही त्यांवर गुजराण केली.

वसाहतकऱ्यांना राज्याचे नाव ‘डेझरेट’ हवे होते. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, मात्र १८५० मध्ये यूट जमातीवरून ‘युटा’ हे नाव दिले. पुढे मॉर्मन पंथातील बहुपत्नीत्वाचा प्रश्न राज्याच्या दर्जाआड आला. १८९० मध्ये चर्चने ती प्रथा सोडत असल्याचे जाहीर केल्यानंतर ४ जानेवारी १८९६ रोजी युटा हे पंचेचाळिसावे राज्य झाले.

राज्यवृक्षाचा मान २०१४ पासून अॅस्पेनला आहे. फिशलेक राष्ट्रीय वनातील ‘पँडो’ हे दिसायला सुमारे ४३ हेक्टरांचे अॅस्पेनवन आहे, पण त्याची हजारो खोडे एकाच मुळांच्या जाळ्यातून फुटलेली असल्याने ते वस्तुतः एकच झाड आहे. अॅस्पेनची पाने सोनेरी झालेली पाहायची असतील, तर सप्टेंबरअखेरीची तुकडी निवडावी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी गरम कपडे सोबत ठेवावेत.