डिझेल मेकॅनिकचा आयटीआय झालाय? जहाजाच्या इंजिनापर्यंत जायचे अर्ज आणि कागदपत्रं

ट्रक-ट्रॅक्टरच्या गॅरेजऐवजी जहाजाच्या इंजिनावर काम करायचं असेल तर मुंबईत त्याची सरळ वाट शिकाऊ उमेदवारीतून, म्हणजे अप्रेंटिसशिपमधून जाते. बरीच मुलं मात्र आधी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढायच्या मागे लागतात आणि एजंटच्या हाती सापडतात.

नौदल गोदी, मुंबई

इथल्या डॉकयार्ड अप्रेंटिस स्कूलच्या जाहिरातीत फिटर, पाइप फिटर, वेल्डर यांच्याबरोबर मेकॅनिक डिझेल हा ट्रेडही असतो. अलीकडच्या जाहिरातींत दहावीला किमान 50 टक्के आणि आयटीआयला 65 टक्के अशी अट होती. खरी चाळण या 65 टक्क्यांचीच आहे. उंची 150 सेंमी, वजन 45 किलो आणि छाती फुगवून 5 सेंमी वाढायला हवी. लेखी परीक्षा गणित, विज्ञान आणि सामान्य ज्ञान यांवर होते. त्यातून निवड झाली की कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी.

अर्ज ऑनलाइन भरायचा. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी आधीच करून ठेवा. हाताशी लागतं ते असं: दहावी आणि आयटीआयची गुणपत्रकं, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र (एनटीसी), आधार, फोटो, बँक पासबुक, लागू असल्यास जातीचा दाखला. आधार आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. आधार दुरुस्तीला जाहिरातीची मुदत पुरत नाही.

दाखल्याचं प्रकरण जरा किचकट आहे. हे केंद्राचं आस्थापन, त्यामुळे ओबीसींना नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. तहसील कार्यालयात किंवा सेतूत मागताना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचा नमुना हातात पडतो. राज्याचं एसईबीसी आरक्षण इथे चालत नाही. त्या उमेदवारांनी केंद्राच्या ईडब्ल्यूएसच्या अटी तपासाव्यात.

एकदा एखाद्या आस्थापनेत अप्रेंटिसशिप पूर्ण केली असेल तर दुसऱ्यांदा घेत नाहीत. म्हणून मिळेल त्या कारखान्यात घाईने नाव घालू नका.

माझगाव डॉक हा मुंबईतला सरकारी जहाजबांधणी कारखानाही दहावी, आयटीआय आणि आठवी अशा तीन गटांत शिकाऊ उमेदवार घेतो. आयटीआय गटात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड असतात. डिझेल मेकॅनिक दरवेळी असेलच असं नाही. त्यामुळे ट्रेडची यादी बघितल्याशिवाय अर्ज भरू नका.

पुढे काय?

शिकाऊ उमेदवारीनंतर नोकरीची हमी नसते, हे आधीच मनाशी धरा. हातात येतं ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, एनएसी. माझगाव डॉकच्या कामगार भरतीत डिझेल-कम-मोटर मेकॅनिक पदासाठी हे एनएसी आणि कामाचा अनुभव मागितला गेला आहे. नुसत्या एनटीसीवर तिथे अर्ज छाटला जातो. ही भरतीही बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर होते, कायमची नव्हे. जी मुलं शिकाऊ उमेदवारीची शेवटची परीक्षा टाळून मधेच सोडून जातात, त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

काम अंगमेहनतीचं आहे. अरुंद इंजिन रूम, उकाडा, डिझेलचा वास आणि खाऱ्या पाण्याने खाल्लेले कूलर. ज्याला शाफ्ट अलाइनमेंट आणि गिअरबॉक्स जमतो त्याला टग, ड्रेजर, कोकणातले ट्रॉलर, सगळीकडे विचारणा होते.

समुद्रावरच जायचं असेल तर

जीपी रेटिंग हा डेक आणि इंजिन रूम दोन्हीकडे काम करणाऱ्या खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. वय साडेसतरा ते पंचवीस. पासपोर्ट आणि डीजी शिपिंग (केंद्राचं नौवहन महासंचालनालय) मान्य डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. दहावीच्या आधारावर जाताना विज्ञान, गणित, इंग्रजी हे विषय आणि 40 टक्के गुण हवेत. आयटीआयच्या आधारावर जायचं तर तो दोन वर्षांचा हवा. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचाच असतो, म्हणून या मुलांनी दहावीच्या गुणपत्रकावरच अर्ज करावा. इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), कोर्स, शेवटची परीक्षा आणि मग सीडीसी असा क्रम असतो.

सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे. जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो आणि तो डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला परवानाधारकालाही मनाई आहे.